दारावरचा पहिला शब्द



गेल्या उन्हाळ्यात आम्हांस आठ दिवस इंदूरला राहण्याचा योग आला. आमची मावसबहीण पतीच्या नोकरीनिमित्त वसई सोडून तिकडे गेली, त्यास आता बारा वर्षे होतील. तिचे बिऱ्हाड खजराना भागात आहे. ज्या खजरान्याचा गणपती साऱ्या माळव्यात प्रसिद्ध आहे, आणि ज्या मंदिराशी लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडतात, तेच हे खजराना. त्याच वस्तीत नाहरशाह वलीचा दर्गाही आहे. सकाळी गच्चीवर उभे राहिले, की एकीकडून घंटा आणि दुसरीकडून बांग कानी येते. होळकरांचे राज्य १९४८ साली संपले. तरी त्यांच्यामागून माळव्यात आलेली मराठी अजून त्या शहरात नांदत आहे. हिंदीच्या व माळवीच्या शेजाराने तिला थोडा निराळा रंग चढला आहे, इतकेच.

बहिणीचा मुलगा पंधरा वर्षांचा. त्याच्याबद्दल तिची आमच्याकडे एक तक्रार होती. सुट्टी लागल्यापासून पोरगा संगणकापुढून हालत नाही, तेव्हा "तुम्ही त्याला दोन शब्द सांगा," असे तिचे म्हणणे. आम्हीही उपदेशाची जुळवाजुळव करून त्याच्या खोलीत गेलो. परंतु झाले ते उलटेच. दोन शब्द सांगावयास गेलेले आम्ही दोन तास ऐकत बसलो.

ज्या वाचकांना हे खेळ ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी थोडे विवरण करतो. हे भूमिका घेण्याचे खेळ होत. आरंभीच खेळणाऱ्यास विचारले जाते, की तू कोण होणार? माणूस, बुटका खाणकरी, की लांबट कानांचा 'एल्फ'? राजघराण्यातला, की गावकुसाबाहेरचा? एकदा निवड झाली, की त्या कल्पित जगातले पहारेकरी, दुकानदार, सरदार, भिकारी असे सारे त्या निवडीप्रमाणे त्याच्याशी बोलू लागतात. काही खेळ एकट्याने खेळावयाचे असतात, तर काहींत देशोदेशींचे हजारो लोक इंटरनेटवरून एकाच वेळी उतरतात.

भाचा खेळत होता तो 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' नावाचा, कॅनडातील एका संस्थेने २००९ साली काढलेला, एकट्याने खेळण्याचा खेळ. त्याने एल्फ होण्याचे पसंत केले होते. त्या जगात शहरातले एल्फ तटबंदीने वेगळ्या केलेल्या वस्तीत राहतात आणि माणसांच्या घरी राबतात. आमचा भाचा मात्र राज्य वाचविण्यासाठी निवडलेल्या वीरांच्या पथकात दाखल होण्यास निघाला होता. तो सैन्याच्या छावणीत पोहोचला आणि कोठारावरच्या अधिकाऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. अधिकाऱ्याने काय करावे? 'आलास का? मागविलेले सामान कुठे आहे?' अशा अर्थाचे शब्द त्याने याच्या अंगावर फेकले. कान लांब, म्हणजे हा नोकरच असणार, असे त्याने धरून चालले. समोरचा कोण आहे हे कळल्यावर मात्र त्याचा सूर बदलला.

भाच्याने खेळ थांबविला आणि आमच्याकडे पाहिले. "मामा, मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं," तो म्हणाला.

आमची मावशी, म्हणजे त्याची आजी, दाराशी लसूण सोलत बसली होती. तिने विचारले, "अरे, त्याने तुला 'अरे' म्हटलं, की 'अहो'?"

पोर गोंधळले. खेळ इंग्रजीत होता. इंग्रजीत राजा, चोर आणि नोकर या सर्वांना संबोधण्यास एकच सर्वनाम. आजीचा प्रश्न त्या भाषेला विचारताच येत नव्हता. वाचकहो, लसणीच्या टोपलीमागून आलेल्या त्या प्रश्नाने आमचा उपदेश कोठल्या कोठे गेला! हा खेळ कोणी मराठीत आणावयाचे ठरविले, तर पहिल्याच वाक्यापाशी त्याची लेखणी अडेल. एल्फाला 'तू' म्हणावे, की 'तुम्ही', की 'आपण'? 'ये', 'या' आणि 'यावे' या तीन रूपांतून एक निवडल्यावाचून मराठीत कोणासही दारातून आत घेता येत नाही. परदेशी खेळकर्त्यांना जे दाखविण्यासाठी निराळी वाक्ये रचावी लागतात, ते आपले क्रियापद आयतेच करून ठेवते.

ही वाक्ये रचतात कशी, हेही भाच्याने आम्हांस समजावून सांगितले. प्रत्येक संभाषणाचा एक वृक्ष असतो. त्याच्या फांद्याफांद्यांवर वाक्ये टांगलेली असतात आणि काही वाक्यांच्या डोक्यावर अट लिहिलेली असते. खेळणारा अमुक जमातीचा असेल तरच हे वाक्य उच्चारावे, नसेल तर पुढचे. यंत्र केवळ अट तपासते. अधिकाऱ्याच्या मनात एल्फांविषयी ना राग असतो, ना लोभ, कारण त्याला मनच नाही. ते वाक्य कोणा माणसाने आधीच बसून लिहिलेले असते आणि एखाद्या नटाने आपल्या आवाजात म्हटलेले असते. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' या २०११ सालच्या ऑनलाइन खेळात तर नटांकडून वदवून घेतलेली वाक्ये दोन लाखांहून अधिक आहेत. त्यात एक भूमिका अशी आहे, की खेळणारा गुलामगिरीतून नुकताच सुटून साम्राज्याच्या विद्यापीठात शिकावयास येतो. तेथला शिक्षक त्याला उठताबसता 'गुलाम' म्हणून हिणवितो आणि शुद्ध रक्ताच्या एका विद्यार्थ्याला उघड उघड झुकते माप देतो. पुढे हाच गुलाम पदास चढला, की त्याला 'स्वामी' म्हणून मुजरे होऊ लागतात. २०२३ सालच्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये याचीच दुसरी बाजू दिसते. जे राक्षसी पहारेकरी इतरांच्या वाटेत आडवे येतात, तेच भूगर्भात राहणाऱ्या 'ड्राउ' जमातीचा खेळाडू दिसताच नरमतात आणि अदबीने वाट देतात. त्यानेही अद्याप काही केलेले नसते.

आम्हांस सर्वांत अधिक नवल वाटले ते २००४ साली निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळाचे. त्यात 'अलायन्स' आणि 'होर्ड' असे दोन वैरी पक्ष आहेत. दोन्ही पक्षांत खरीखुरी माणसे खेळत असतात. परंतु एका पक्षाचा खेळाडू काही बोलला, तर ते शब्द समोरच्या पक्षाच्या पडद्यावर जसेच्या तसे उमटत नाहीत. मूळ शब्दात जितकी अक्षरे, तितक्याच अक्षरांचा एक निरर्थक शब्द यंत्र तेथे मांडते. इंग्रजीत पोरे हसू आले म्हणजे 'एल-ओ-एल' अशी तीन अक्षरे लिहितात. होर्डचा खेळाडू असा हसला, की अलायन्सवाल्याला तेथे दिसते 'के-ई-के', म्हणजे 'केक'! नाताळच्या केकशी त्याचा काही संबंध नाही, असे भाच्याने आजीला मुद्दाम सांगितले. उलट बाजूने अलायन्सवाला हसला, तर होर्डला 'बर' असे काहीतरी दिसते. अशा रीतीने वर्षानुवर्षे दोन बाजूंची माणसे एकमेकांसमोर उभी राहून हसली आणि समोरच्याला ते हसू म्हणून वाचता आले नाही. २०२२ साली खेळकर्त्यांनी हा बांध थोडा फोडला. आता दोन्ही पक्षांचे खेळाडू ठरावीक मोहिमांसाठी एका तुकडीत येऊ शकतात आणि त्या तुकडीच्या आपसांतल्या लेखी गप्पा एकमेकांस कळतात.

हे सारे नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या जुन्या संस्कृत नाटकांत हाच नियम होता. राजाने आणि ब्राह्मणाने संस्कृत बोलावे, स्त्रियांनी व खालच्या समजल्या गेलेल्या पात्रांनी प्राकृत बोलावे. जिच्यापासून आपली मराठी आली असे मानतात, ती महाराष्ट्री प्राकृत स्त्रियांच्या तोंडच्या गाण्यांसाठी राखलेली होती. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शकार तर 'स'च्या जागी 'श' म्हणतो आणि त्यावरूनच ओळखला जातो. कालिदासाच्या 'शाकुंतला'त एक कोळी आहे. राजाची हरवलेली अंगठी त्याला माशाच्या पोटात सापडते. शिपाई त्याला चोर ठरवून मारीत नेतात आणि त्याच्या धंद्याची टवाळी करतात. पण राजाने त्याला बक्षीस दिल्याचे कळताच त्यांचा मुख्य त्याला मित्र म्हणू लागतो आणि सारे मिळून गुत्त्याकडे वळतात! छावणीतल्या त्या अधिकाऱ्याचा बदललेला सूर आणि या शिपायाचा बदललेला सूर यांत दीड हजार वर्षांचे अंतर असेल; माणूस मात्र तोच आहे.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना तर 'श' आणि 'स' यांची आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. शास्ते यांच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, यार्देन नदीच्या उतारावर गिलादी पहारा बसतो. पार जाणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' हा शब्द म्हणावयास लावतात. एफ्राइमी माणसाच्या जिभेला 'श' वळत नाही. तो 'सिब्बोलेथ' म्हणतो आणि तेथेच त्याचा वध होतो. अशा रीतीने ४२,००० माणसे पडली, असे तेथे लिहिले आहे. आणि प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी पेत्राला कशाने पकडले? त्याच्या गालीली बोलीने. आपल्या वसईच्या बाजारातही सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी अशा बोली कानी पडतात आणि तोंड उघडताच माणसाचे गाव कळते. शाळेत 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हटले म्हणून हसे झालेली कितीतरी मुले आपल्याच घरांत मोठी झाली आहेत. इंदूरला मात्र सारे शहर 'पानी'च पिते.

आता आमच्या फजितीची हकिगत सांगतो. दुसऱ्या दिवशी भाच्यास घेऊन आम्ही बाजारात निघालो. रस्त्यावर पाऊल टाकतो न टाकतो तोच एका रिक्षावाल्याने हाक दिली, "आओ भिया, कहां छोड़ूं?" पुढे पोह्यांच्या गाडीवाल्याने 'भिया' म्हणून बोलाविले. फळवाल्याने 'भिया' म्हणून भाव सांगितला. टोपीवाला, टिळेवाला, म्हातारा, तरुण, जो तो दुसऱ्याला 'भिया' म्हणत होता. 'भैया'चे हे इंदुरी रूप होय. त्या शहरात ही सर्वांना दिलेली सर्वसाधारण हाक आहे. ती देताना कोणी समोरच्याचे कान लांब आहेत की आखूड, हे पाहत नाही. इंदूर म्हणजे नंदनवन, असे आम्ही म्हणत नाही. वस्त्यावस्त्यांतले अंतर तेथेही आहेच. परंतु दारावरचा पहिला शब्द तेथे भावाचा आहे, एवढे खरे.

आम्ही कौतुकाने म्हणालो, "आमच्याकडे या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा होतो, बरे का."

भाच्याने सहज विचारले, "तुमच्याकडे भैया कोणाला म्हणतात, मामा?"

वाचकहो, या साध्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आम्हांस त्या भररस्त्यात देता आले नाही. मुंबईपासून वसई-विरारपर्यंत 'भैया' म्हणजे भाऊ नव्हे. उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या माणसाला, त्याचे नाव न विचारता, आपण चिकटविलेली ती चिठ्ठी आहे. आमच्या दारी एक भाजीवाला कित्येक वर्षे येत आहे. "ए भैया, मेथी कशी दिली?" असे आम्ही त्याला रोज विचारतो. वयाने तो आमच्याहून मोठा असेल. बहिणीला बहीण, भावाला भाऊ म्हणणारी आपली भाषा. तीत भावासाठीचाच शब्द आम्ही 'तू परका आहेस' हे सांगण्यासाठी वापरीत होतो, आणि त्यात काही वावगे आहे असे आमच्या मनासही शिवले नव्हते. एका बाजूचे हसू दुसऱ्या बाजूला 'केक' होऊन दिसते, त्याचे आम्ही आदल्या दिवशी नवल केले होते. इंदूरचा भाऊ वसईच्या फाटकाशी येईतो परका होतो, याचे नवल करण्याचे मात्र आम्हांस सुचले नव्हते.

डोंगराकडून लाकूडफाटा घेऊन येणारी वारली बाई असो, बांधकामावरचा मजूर असो, की आपल्याच धर्माचा पण दुसऱ्या बोलीचा पाहुणा असो, त्याने तोंड उघडण्यापूर्वीच आपले वाक्य तयार असते. त्या वाक्याच्या डोक्यावर अट लिहिलेली असते. खेळातल्या पहारेकऱ्याला मन नाही, म्हणून त्याला दोष देता येत नाही. ती सबब आपल्याला नाही.

इंदूर सोडण्यापूर्वी बहिणीने आम्हांस 'लाल चर्च' या नावाने ओळखले जाणारे तेथील कॅथिड्रल दाखविले. तेथे धन्य राणी मारिया यांची आठवण निघाली. मूळच्या केरळच्या या धर्मभगिनी उदयनगरच्या आदिवासी गावांत काम करीत होत्या. तेथील गरिबांना सावकारांच्या पाशातून सोडविण्याची त्यांची खटपट काहींना खुपली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या उदयनगरहून इंदूरकडे बसने येत असता भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकून ठार केले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरलाच त्यांना धन्य घोषित करण्यात आले. हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु येथे आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीविषयी. सिस्टर सेल्मी पॉल याही धर्मभगिनीच. २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास त्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटाला राखी बांधली. जगाच्या रीतीप्रमाणे त्या दाराशी उच्चारण्याचे वाक्य ठरलेले होते; ते उच्चारले असते, तरी त्यांना कोणी नाव ठेविले नसते. त्यांनी त्याला भाऊ म्हटले. २००६ साली तो माणूस सुटला. पुढे तो त्या कुटुंबास भेटावयास केरळातही गेला.

घरी परतल्यावर भाच्याने आम्हांस एक गोष्ट दाखविली. त्याने तोच खेळ पुन्हा आरंभापासून मांडला होता. या खेपेस तो माणसांतल्या सरदाराचा मुलगा झाला होता. त्याच छावणीत, त्याच कोठाराशी, तोच अधिकारी. आता सामान कुठे आहे, असे त्याने विचारले नाही. भाचा पुढे न जाता थोडा वेळ तेथेच थांबला. मग म्हणाला, "मामा, मागच्या वेळी मी एल्फ नसतो, तर मला हे कधी कळलंच नसतं." आम्ही उपदेशासाठी आणलेले दोन शब्द तसेच खिशात ठेवले. वेळेला मर्यादा असावी, जेवण्याच्या वेळी उठावे, एवढे मात्र सांगितले, आणि ते त्याने ऐकलेही.

आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या घरी मुले असे खेळ खेळत असतील, तर केवळ किती वेळ झाला हे घड्याळात पाहून थांबू नये. घटकाभर शेजारी बसावे आणि विचारावे, की आज तू कोण झाला आहेस, आणि दारावरचा माणूस तुला काय म्हणाला? 'अरे' म्हणाला, की 'अहो'? उत्तर देताना मूल विचारात पडेल. मात्र असे विचारणाऱ्याने एक तयारी ठेवावी. मूलही आपल्याला उलट विचारील, की आपल्या दाराशी येणाऱ्याला आपण काय म्हणतो? खेळ पुन्हा आरंभापासून मांडता येतो, दुसरी जमात निवडता येते. जन्म तसा पुन्हा मांडता येत नाही. परंतु दाराशी बोलावयाचे वाक्य बदलता येते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आम्ही वसईला परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्याची हाक आली. आम्ही खाली उतरलो आणि त्याला त्याचे नाव विचारले. तो घाबरला. महानगरपालिकेकडून काही चौकशी आली आहे, असे त्याला वाटले असावे. "क्या हुआ साहब?" त्याने दोनदा विचारले. काही झाले नाही, सहजच विचारतो, असे सांगितल्यावर त्याने नाव सांगितले आणि आम्ही आमचे सांगितले. इतक्या वर्षांत तेही त्याला ठाऊक नव्हते. मग "मेथी कशी दिलीत?" असे आम्ही विचारले. आमच्या मराठीतला हा फरक त्याला कळला की नाही, देव जाणे. भाव त्याने नेहमीचाच सांगितला.